बिनधुराचे निखारे

त्या सकाळी दार उघडलं तेव्हा मला आधी आक्काचे गाल दिसले. गुलाबी, तजेलदार. नऊ दिवसांची बाळंतीण एवढी टवटवीत दिसते म्हणून क्षणभर बरंच वाटलं. मग मी तिला हाक मारली, खांदा धरून हलवलं, आणि ती बाजेवरून पोत्यासारखी माझ्या अंगावर कलंडली.

मी आणि मायने तिला उचलून अंगणात आणलं. बाळ रात्री फार रडलं म्हणून माय त्याला घेऊन ओसरीत झोपली होती, म्हणून ते वाचलं. अर्थात तेव्हा ते वाचलं कशातून हेही आम्हाला माहीत नव्हतं. उन्हं वर आल्यावर आक्का ओकली, डोकं धरून कण्हली, आणि म्हणाली, "बारके, दिवा का विझवला?"

अंगणात लख्ख ऊन होतं.

शहात्तर सालचा हिवाळा होता तो. आमचं गाव जाफराबाद आणि भोकरदनच्या मधलं. मी जालन्याला शिक्षिकेचा कोर्स करत होते आणि आक्काच्या बाळंतपणासाठी सुट्टी टाकून आले होते. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला धावड्याला दिलेली. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि देवळीत एक पत्र्याची पेटी ठेवली. पेटीत चोपड्या. सभा-संमेलनांतून, मेळाव्यांतून आणलेल्या पातळ, पिवळ्या कागदाच्या चोपड्या: नवससायास का करू नयेत, हुंडा का घेऊ नये, पाणी कसं उकळावं. संध्याकाळी वडील त्या मोठ्याने वाचायचे आणि आम्ही दोघी त्यांच्या दोन गुडघ्यांशी बसायचो. वडील गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. मी तिच्या जिवावर गावभर भांडत असे.

अशाच एका चोपडीत बाळंतिणीच्या खोलीबद्दल लिहिलेलं होतं. धुरानं बाळाची छाती भरते, आईचे डोळे बिघडतात. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, गोवऱ्या पेटवून वर ओवा आणि शेपा टाकतात. तिला वारा लागू नये म्हणून झरोक्यात चिंध्या, दाराच्या फटीत पोती कोंबतात. खोलीत एवढा धूर होतो की बाळंतीण खोकून खोकून अर्धी होते आणि बाया घटकेघटकेला दार उघडून बाहेर पळतात.

मला ते बघवलं नाही. मी जाफराबादच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाचं पोतं आणलं. कोळसा अंगणात फुलवला आणि लालभडक, धुराचा मागमूस नसलेले निखारे बाजेखाली ठेवले. सुईण नाक मुरडत म्हणाली, "धूर न्हाई त शेक कशाचा?" मी तिला चोपडीतलं पान वाचून दाखवलं. आक्का हसली. "बघा, आमची बारकी मास्तरीण झाली." पोती मात्र मी काढली नाहीत. वारा लागू नये हे मलाही पटत होतं. त्याविरुद्ध कुठल्याच चोपडीत काही लिहिलेलं नव्हतं.

तर त्या सकाळी आंधळ्या झालेल्या आक्काकडे बघताना मला सगळ्यांचा संशय आला. सुइणीने काढ्यात काही घातलं असेल. सासरहून आलेल्या डिंकाच्या लाडवांत काही असेल. कोळशाचा संशय आला नाही. जे डोळ्यांना झोंबत नाही ते डोळे घेईल कसं?

एस.टी.ने तिला जाफराबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, नव्यानेच बदलून आलेला. त्याने बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत पाडला.

"बाहुल्या बराबर लहान होतायत," तो म्हणाला. "डोळे चांगले आहेत."

"चांगले हायेत त दिसत का न्हाई?" मायने विचारलं.

त्याने रक्तदाब घेतला, पाय दाबून सूज बघितली, झटके आले होते का विचारलं. मग माझ्याकडे वळला. "खोलीत शेगडी होती?"

"होती."

"धूर कोंडला होता का?"

"बिलकुल नाही," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले. "आमच्या घरात धूर करत नाहीत."

त्याने मान हलवली आणि शेगडीचा विषय सोडून दिला. बाळंतपणात रक्तदाब चढून असं होतं कधीकधी, म्हणाला, आणि त्याची औषधं सुरू केली. मी कोळशाबद्दल बोलले असते, पण त्याच्या टेबलावर एक जाडजूड वही होती आणि तिच्यावर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया असं लिहिलेलं होतं. ते वर्षच तसं होतं. सरकारी जीप गावात शिरली की माणसं तुरीच्या शेतात पळायची. शिक्षकांना, तलाठ्यांना माणसं आणायचं बंधन होतं. मी मनात ठरवलं, या माणसाला विचारलं तेवढंच सांगायचं. वर एक शब्द नाही.

तीन दिवस तिथे राहून काही फरक पडला नाही. आम्ही तिला घरी आणलं.

गावाने आपापलं निदान करून टाकलं होतं. शेजारची म्हातारी मायला म्हणाली, "भानामती हाये बाई. अन् तुमी त देवबी सोडून दिले. आता कोण धावंल?" मी तिला दारातून अक्षरशः हाकललं. धावड्याहून दाजी आले. आक्काचा नवरा तसा वाईट माणूस नव्हता, पण दवाखान्यातलं ते वाक्य त्याच्या कानावर गेलं होतं.

"डोळे चांगले हायेत म्हनं," तो ओसरीत बसून म्हणाला. "मंग दिसत कसं न्हाई? सासरी यायचं न्हाई म्हनून त न्हाई न सोंग?"

"दाजी, तोंड सांभाळून बोला," मी म्हणाले.

"मेव्हणीबाई, तुमच्या चोपडीत ल्हेलं आसंल त सांगा."

तो उठला, आक्काच्या समोर जाऊन बसला आणि एकदम तिच्या डोळ्यांवर मूठ उगारली. ती तशीच बघत राहिली, पापणीसुद्धा हलली नाही. "कोन हाये?" तिने शांतपणे विचारलं. दाजीची मूठ हवेतच राहिली. मग ती उघडली आणि त्याच हाताने तो आपलं तोंड झाकून रडू लागला. त्यानंतर त्याने सोंग हा शब्द काढला नाही.

आक्का बाळाला पाजायची, त्याचं नाक, कान, पायाची बोटं चाचपायची. नऊ दिवस त्याला पाहिलं होतं तिने, तेही दिव्याच्या उजेडात. "याचा रंग कोनावर गेला गं?" ती मायला रोज विचारायची, आणि माय रोज वेगळं उत्तर द्यायची.

सहाव्या दिवशी सकाळी जीप आली. गल्ली रिकामी झाली. जीपमधून एकटा डॉक्टर उतरला. मी दारात आडवी उभी राहिले.

"काय पाहिजे?"

"खोली बघायचीये."

"कशाला?"

"माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "रक्तदाब उतरला, तरी नजर येत नाही. मला खोली बघू द्या."

मायने मला बाजूला सारलं. तो आत गेला. झरोक्यातल्या चिंध्या उपसून पाहिल्या, दाराच्या फटीतली पोती बोटाने दाबली. शेगडी मी घासून पालथी घातली होती. का घासली होती, ते मी त्या दिवसापर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. मग त्याला दारामागे पोतं दिसलं.

"हे काय?"

"कोळसा."

"त्या रात्री हाच होता शेगडीत?"

माय म्हणाली, "हाच की. पोरीनं धूर नको म्हनून आनला."

तो बाजेच्या कडेला टेकला. चष्मा काढून पुसला. "याच्यातून एक वायू निघतो," तो म्हणाला. "त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. बंद खोलीत मेंदू गुदमरतो. डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूचा जो भाग बघतो त्याला झालंय." मग जरा थांबून: "धूर असता तर तुम्ही कोणीतरी दार उघडलं असतं."

मला राग आला. इतका राग की कान तापले. गरिबाच्या घरी काही झालं की दोष गरिबाच्या अडाणीपणाचा, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. आणि हा तर माझ्या शहाणपणालाच दोष देत होता. मी म्हणाले, "डॉक्टर, तुमची औषधं लागू पडली नाहीत, तर आता आमच्या शेगडीवर ढकलता?"

तो चिडला नाही. म्हणाला, मुंबईला आरमाराच्या दवाखान्यात खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी एक लोखंडी टाकी आहे. माणसाला आत बसवून झाकण बंद करतात, हवेचा दाब वाढवतात आणि शुद्ध प्राणवायू देतात. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. आता किती उपयोग होईल सांगता येत नाही, पण तिथे त्याचा एक वर्गमित्र आहे, त्याच्या नावाने पत्र लिहून देतो.

लोखंडी टाकी. झाकण. बंद खोलीने जिचे डोळे घेतले तिला आणखी बंद करायचं. मला दिसत होतं काय होणार ते: आमच्यासारख्यांवर प्रयोग करून बघायचा, आणि बाई हाताशी आहेच तर शस्त्रक्रियाही उरकून घ्यायची. मी त्याला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तो पत्र मायच्या हातात देऊन गेला.

दोन दिवस मी घरात भाषणं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पाजता पाजता आक्का म्हणाली, "बारके, झालं का तुझं बोलून?"

"तुला ठाऊक नाही हे लोक कसे असतात."

"मला काहीच ठाऊक न्हाई. पर डोळे कोनाचे गेले?"

"तुझे."

"मंग इचारलं का मला? दोन दिस झाले, सगळ्या घराला सांगून राह्यलीस जायाचं न्हाई म्हनून. आंधळीला इचारायचं न्हाई, आसं ल्हेलंय का तुझ्या चोपडीत?"

तिने बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं.

"मला याचं तोंड बघायचंय," ती म्हणाली. "टाकीत घालू दे, न्हाईतर हिरीत. मी जानार. तू येती का मी अन् मायच जाऊ?"

दुसऱ्या दिवशी निघालो. आक्का, माय, बाळ आणि मी. दाजी ट्रंक घेऊन जालन्याच्या स्टेशनपर्यंत आले. जालन्याहून छोट्या रुळाची गाडी मनमाडपर्यंत, तिथून मोठी. मनमाडच्या फलाटावर मायने बाळाला ऊन दाखवलं, आक्का ट्रंकेवर बसली, आणि मी नळाच्या आडोशाला जाऊन डॉक्टरचं पाकीट उघडलं. डिंक ओल्या बोटाने सैल केला. ही चोरी मला मुळीच टोचली नाही. शस्त्रक्रियेचा शब्द सापडला तर इथूनच परत फिरायचं, असं मी ठरवलं होतं.

पत्र इंग्रजीत होतं. माझं इंग्रजी अडखळणारं, पण शस्त्रक्रियेला काय म्हणतात ते मला येत होतं. तो शब्द एकदाच होता. हिच्यावर दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया कुणी सुचवू नये, घरच्यांना त्याचीच भीती आहे आणि ती भीती रास्त आहे, असं त्याने लिहिलं होतं. खाली दोन ओळी होत्या. उशीर माझ्यामुळे झाला. मी धुराबद्दल विचारलं, जळणाबद्दल विचारायला हवं होतं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, काहीतरी डाव आहे, मी उघडणार हे त्याला माहीत असावं. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी डब्यातल्या भाताच्या शिताने पाकीट चिकटवत होते.

मुंबईतल्या डॉक्टरने ते हातात घेतलं, कडेचं शीत नखाने उडवलं आणि माझ्याकडे बघून हसला. "मजकूर बरोबर आहे ना?" तो औरंगाबादकडचाच निघाला. मी लाजले नाही. त्याने सहीसाठी पुढे केलेला कागद मी ओळ अन् ओळ वाचून घेतला, अर्थ विचारला, आणि म्हणाले, "मीही आत बसणार."

"बसा की. कुणीतरी लागतंच."

मला नकाराची अपेक्षा होती. होकाराने संशय आणखी वाढला.

आधी आक्काचे केस धुवायला लावले. बाळंतीण ती, वीसेक दिवस डोक्यात तेल मुरवलेलं. नर्स म्हणाली, तेलाचा थेंबसुद्धा चालणार नाही, प्राणवायूत तेल भडकतं. माय हबकली. "वल्या बाळंतिणीचं डोकं कोरडं करत्यात व्हय कुठं!" तीनदा शिकेकाईने धुतलं. माझी नायलॉनची साडी उतरवून दवाखान्याची सुती साडी दिली. केसांतल्या पिना काढून घेतल्या. मग आम्ही दोघी वाकून त्या टाकीत शिरलो. आतून पांढरा रंग दिलेला, दोन बाकडी, जाड काचेची एक गोल खिडकी. आमच्याबरोबर दक्षिणेकडचा एक कंपाउंडर. दार बंद झालं, बाहेरून चाकं फिरल्याचा आवाज आला आणि हवा शिरू लागली.

कान फुटतात की काय असं झालं. "निगलो, बहनजी, थूक निगलो," कंपाउंडर म्हणत राहिला. टाकीत उन्हाळ्यासारखं तापलं. माझाच आवाज मला नाकातून आल्यासारखा बारीक ऐकू येत होता. आक्काच्या तोंडावर रबरी मुखवटा बसवला. ती माझा हात धरून बसली होती, मी कंपाउंडरवर नजर ठेवून. तो अधूनमधून जांभई देत होता.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मायचं दूध-पाणी, बाळाचं रडणं, धर्मशाळेच्या खोलीतली ओल. मी मनात त्या लोकांविरुद्धचं पत्रक जुळवत होते. पहिली दोन वाक्यं तयारही झाली होती.

तिसऱ्या दिवशी आत बसल्यावर बऱ्याच वेळाने आक्काने मुखवटा जरासा उचलला. "बारके, तिकडं उजेड हाये का?"

तिने गोल खिडकीकडे हात केला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, आमच्या बोलण्यातून खिडकी कुठे आहे हे हिला कळलंय, आणि आपण बरे होतोय अशी ही स्वतःची समजूत घालतेय. तिला पारखायला मी म्हणाले, "न्हाई. भिंत हाये तिथं."

तिने खिडकीकडचा हात खाली घेतला नाही. मग म्हणाली, "खोटं बोलतीस."

"न्हाई गं."

"गोल हाये. पिवळं. मधून काहीतरी काळं गेलं आत्ता." बाहेरून खरंच कुणीतरी गेलं होतं. "का खोटं बोलतीस मला?"

कंपाउंडर "मास्क, मास्क" करू लागला. मी तिचा मुखवटा नीट बसवला आणि रडू लागले. अजून तासभर दार उघडणार नव्हतं. दुसरीकडे जायला जागा नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. कोळशाबद्दल डॉक्टरला जाणूनबुजून बोलले नाही. शेगडी घासून पालथी घातली. त्याने खोली बघायला मागितली तेव्हा दारात आडवी उभी राहिले. ती मुखवट्याआडून ऐकत होती, रबर आत-बाहेर होत होतं.

बाहेर आल्यावर तिने आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "कोळशाचं काही न्हाई मला. मलाबी धूर नको व्हता, मीच हसले व्हते. पर त्यो मानूस इचारत व्हता अन् तू गप बसलीस. मी आंधळी बाजूला पडलेली, अन् तू त्याच्यावर पाळत ठेवून राह्यलीस."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. मला दिसत नव्हतं."

एकूण दहा वेळा ती टाकीत बसली. रंग आधी आले, मग हलणाऱ्या वस्तू, मग हळूहळू स्थिर वस्तू. सातव्या दिवशी मायने बाळ समोर धरलं तेव्हा आक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं माय, हा त दादांवर गेलाय." दादा म्हणजे आमचे वडील.

पण बाळ तिच्या डाव्या हाताला होतं. उजवीकडे नेलं की ते नाहीसं व्हायचं. दोन्ही डोळ्यांनी फक्त डावीकडचं दिसत होतं, उजवी बाजू आलीच नाही. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, एवढं आलं हेच पुष्कळ. लवकर आलो असतो तर काय झालं असतं, हे मी विचारलं. तो म्हणाला, कदाचित पूर्ण आलं असतं, कदाचित एवढंच. मला खात्रीचं उत्तर हवं होतं. त्याने दिलं नाही.

परत आल्यावर आम्ही जाफराबादला उतरलो आणि सरळ दवाखान्यात गेलो. मी डॉक्टरसमोर बसले आणि त्याने काही विचारायच्या आधीच सांगितलं: कोळसा कुठून आणला, किती घातला, दार किती वेळ बंद होतं, कोण कुठे झोपलं होतं, आणि मी काय काय लपवलं. त्याने एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. मध्येच पेन थांबवून म्हणाला, "तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला तुमच्याकडे कारण नव्हतं." मी म्हणाले, "नव्हतं. पण तिच्या डोळ्यांवर तरी ठेवायला हवा होता." आक्का शेजारीच बसून ऐकत होती.

तिथून स्टँडकडे चालत निघालो. माय बाळाला घेऊन पुढे. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात कापसाच्या गाड्या. मी सवयीने आक्काच्या डावीकडून चालू लागले, तशी ती थांबली.

"हिकडून न्हाई. हिकडलं दिसतंय मला. त्या अंगानं चाल."

मी उजवीकडे गेले. तिने माझं मनगट धरलं.

"काय आलं त सांग. खरं सांग."

"गाडी येऊन राह्यली," मी म्हणाले. "थांब."

ती थांबली. मग मान पूर्ण उजवीकडे वळवून, गाडी खरंच येतेय का, ते तिने स्वतः बघून घेतलं.